सहावा पट्टा

हिरेवाडीच्या दूधगंगा महाविद्यालयाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ मैदानाचे ऐंशी यार्ड वाघासारखा जायचा आणि शेवटच्या वीस यार्डांत त्याची शेळी व्हायची. ही गोष्ट सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होती आणि जिल्हा ती तोंडावर बोलून दाखवायला मागेपुढे पाहत नव्हता.

खेळ येऊन चारच वर्षं झाली होती. विद्यापीठाला काय झटका आला कुणास ठाऊक, पण आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या यादीत हा परदेशी खेळ घातला गेला आणि कुस्तीत मागं पडलेली, सव्वाशे किलोची, तालमीत नुसती बसून असलेली पोरं एकदम कामाला आली. प्रशिक्षक म्हणून चौगुले सरांना नेमलं. सर मूळचे पैलवान. हा खेळ ते मोबाइलवर बघून शिकले होते आणि पहिल्याच दिवशी त्यांनी पोरांना सांगून टाकलं होतं, "ही कुस्तीच हाय रं. फकस्त बावीस जणांची, आन् मधी एक नारळ." चेंडूचा आकार पाहता त्यांचं काही चुकलं नव्हतं.

तो नारळ काखेत मारून समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपलीकडं न्यायचा. दहा यार्ड पुढं सरकायला चार संधी मिळतात, सरकलात की पुन्हा चार. रेषेआधीच्या शेवटच्या वीस यार्डांना इंग्रजीत 'रेड झोन' म्हणतात, पोरांनी त्याची 'लाल पट्टी' केली. लाल पट्टीची अडचण अशी, की तिथं जागाच उरत नाही. लांब फेकावं तर चेंडू मैदानाबाहेर जातो, बगल देऊन पळावं तर समोरचे अकराच्या अकरा जण एवढ्याशा जागेत दाटून उभे असतात. मग एकच उपाय उरतो. पुढच्या पाच धिप्पाड गड्यांनी एकदम रेटा द्यायचा, भिंतीत हातभर खिंडार पाडायचं आणि चेंडूवाल्यानं त्यातून घुसायचं. पाचांतला एक जरी पापणी लवण्याइतका उशिरा हलला तरी खिंडार पडत नाही. हिरेवाडीचे पाच जण पाच वेगवेगळ्या वेळी हलायचे.

पद्मजा मगदूम महाविद्यालयात क्रीडाविज्ञान शिकवायची. विभागात ती एकटीच, त्यामुळं विभागप्रमुखही तीच आणि प्रयोगशाळेचा केर काढणारीही तीच. सलग चौथा सामना लाल पट्टीत हरल्यावर चौगुले सर तिच्या दारात येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुमचा भाऊ धरून पाची नुसतं रेडं हायत," ते म्हणाले. "ताकद हाय, पर येळ न्हाई. एक म्होरं जातोय, एक अजून बसलेलाच. काय तरी शास्त्र काढा की."

"शास्त्र काय कपाटात ठेवलंय सर, काढायला?"

"मग कपाट तरी उघडा. पोरं तुमची, कालेज तुमचं."

पद्मजा हसली, पण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच. पाचांतला सगळ्यांत डावीकडचा धैर्यशील हा तिचा धाकटा भाऊ. तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. वडील त्याच्या जन्माच्या वर्षी गेले, आई तो नऊ वर्षांचा असताना. त्याला तिनंच वाढवलं. तिच्या लग्नाचं बोलणं दोनदा निघालं आणि दोन्ही वेळा तिनंच मोडलं. घरात दोघंच, आणि तिला त्यात काही कमी वाटत नव्हतं.

उत्तर तिला तिच्याच जुन्या खेळात सापडलं. ती विद्यापीठाकडून सात वर्षं कबड्डी खेळली होती, डावा कोपरा सांभाळायची. चढाई करणारा समोर आला की बचाव करणाऱ्या मुली एकमेकींचे हात धरून साखळी करतात. शेजारणीच्या मनात काय आहे हे अशा वेळी बघून कळत नाही, तळहाताला कळतं. तिची बोटं आवळली गेली, की आपलं पाऊल आपोआप उचललं जातं. पद्मजाला कित्येकदा पकड झाल्यावर कळायचं की आपण पकड केली.

याला शास्त्र आहे आणि ते अवघड नाही. डोळ्यांनी पाहून अंग हलायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, कारण दृश्य मेंदूत जातं, तिथं त्याचा अर्थ लागतो आणि मग हुकूम सुटतो. हाताला अचानक हिसका बसला तर मात्र त्याच्या निम्म्या वेळात स्नायू उत्तर देतो, कारण तो निरोप वरच्या कचेरीत फार वेळ थांबतच नाही. शिवाय कुठलीही हालचाल दिसण्याआधी स्नायूत बारीकसा विद्युत्प्रवाह सुरू झालेला असतो. तो प्रवाह पकडून शेजाऱ्याच्या तळहातावर दाब दिला, तर शेजारी जवळजवळ त्याच क्षणी हलेल. फुटबॉलच्या नियमांत हात गुंफून भिंत करायला बंदी आहे. पण हात न धरता धरल्यासारखं वाटायला कुणाची बंदी असणार?

तिनं मनगटापासून तळहातापर्यंत बसणारे पाच रबरी पट्टे बनवले. प्रत्येक पट्टा आपल्या माणसाच्या स्नायूंचा कौल घ्यायचा आणि शेजाऱ्याचा तळहात दाबायचा. सामन्यात अशी उपकरणं चालत नाहीत, हे तिला माहीत होतं. तिचा बेत वेगळाच होता. सायकल शिकवताना मागून धरलेला हात एक दिवस सोडून देतात, तसे सरावात पट्टे वापरायचे आणि अंगाला सवय झाली की काढून टाकायचे.

पहिल्या दिवशी फजिती झाली. डाव्या टोकाला धैर्यशील, मग थोरला शेळके, मध्ये सिद्धाप्पा, मग इर्शाद आणि उजव्या टोकाला धाकटा शेळके, असे पाचही जण जमिनीवर हात टेकून वाकले, आणि चेंडू हलायच्या आधीच थरथरायला लागले. एकाचा दाब दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला आणि फिरून पुन्हा पहिल्याला. कर्ण्यासमोर माइक धरल्यावर शिट्टी घुमते, तसला प्रकार.

"पोरास्नी हीव भरलंय जणू," चौगुले सर म्हणाले.

दुसरा कुणी असता तर संगणकातली आकडेमोड बदलत बसला असता. पद्मजा कबड्डीवाली होती. तिच्या दृष्टीनं रोग उघड होता. साखळीला कोपरा नव्हता. साखळी कुणीतरी सुरू करायची असते, आणि ती कोपरा सुरू करतो. तिनं सहावा पट्टा बनवला, स्वतःच्या तळहाताला बांधला आणि धैर्यशीलच्या पट्ट्याला जोडला. ती मैदानाच्या कडेला उभी राहिली. चेंडू हलला, तिची बोटं तिच्याही नकळत आवळली आणि पाचही जण एका अंगाचे असल्यासारखे उठले. समोर ठेवलेला वाळूच्या पोत्यांचा ढीग पलीकडं जाऊन पडला.

"आयला," चौगुले सर एवढंच म्हणाले.

हा सहावा पट्टा तात्पुरता आहे असं तिनं वहीत लिहून ठेवलं होतं. तो तिच्या हातावर पाच महिने राहिला.

पुढच्या हंगामात हिरेवाडीनं जिल्ह्याला पाणी पाजलं. पट्टे नव्हते, तारा नव्हत्या, पंच हवं तर अंगाची झडती घेऊ शकत होते. लाल पट्टी आली की ते पाच जण खाली वाकायचे आणि चेंडू हलताच भिंत फुटायची. मागून ओमकार नावाचा एक चपळ, किरकोळ पोरगा चेंडू घेऊन त्या खिंडारातून चालत गेल्यासारखा जायचा. पद्मजा कडेकडेनं चेंडूबरोबर चालत असायची. लोकांना वाटायचं, भावाचं कौतुक.

काही गोष्टी तिला दिसत होत्या, पण तिनं त्या मनावर घेतल्या नाहीत. जेवणाच्या सुट्टीत तिला ठसका लागला, की पाच जण एकदम पाण्याकडं हात न्यायचे. ती मैदानावर आली की वेगवेगळ्या कोपऱ्यांत गप्पा मारणारे पाचही जण बोलता बोलता गप्प व्हायचे, आणि ती निवांत झाली की पुन्हा बोलू लागायचे. सिद्धाप्पानं तंबाखू सोडली. थोरला शेळके मारामाऱ्या करायचा थांबला. तिला दोन्ही गोष्टींचा मनापासून तिटकारा होता, पण तिनं तसं कधी बोलून दाखवलं नव्हतं. इर्शादची अम्मी ईदला शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, तुमच्या हाताखाली पोरगं लई सुधारलं बघा. आता घराबाहेर म्हणून पडत न्हाई." पद्मजाला त्या वेळी अभिमान वाटला.

घरी धैर्यशील तिच्याबरोबर जेवायला बसायचा. तिची भाकरी संपली की त्याचीही संपलेली असायची. तो पूर्वी चार खायचा.

त्याच दिवसांत त्याला कोचीहून पत्र आलं. पाण्याखाली जाऊन जहाजांचं वेल्डिंगचं जोडकाम करायचं तिथं शिकवतात, दोन वर्षांचं प्रशिक्षण. दूधगंगेत पोहायला लागल्यापासून त्याला या एका गोष्टीचं वेड होतं. पत्र वाचून पद्मजाच्या पोटात गोळा आला. चाळीस हात खोल पाणी, अंगावर लोखंड, हातात विजेची ठिणगी. पण ती शिकलेली बाई होती. ती भाकरी वाढता वाढता हसून म्हणाली, "जा की. तुला हवंय ना? मग जा."

धैर्यशीलनं भाकरीचा तुकडा मोडला. "बघू," म्हणाला.

उपांत्य सामना गारगोटीला होता. तिसऱ्या सत्रात पद्मजाचा फोन वाजला. गोंगाटात ऐकू येईना म्हणून ती प्रेक्षकांच्या मागं, भिंतीपलीकडं गेली. कोचीच्या संस्थेतला कारकून विचारत होता, "तुमच्या भावानं जागा नाकारल्याचं कळवलंय. एवढे गुण असताना? एकदा खात्री करावी म्हटलं." ती दहा मिनिटं बोलत राहिली. जागा महिनाभर राखून ठेवा, अशी गळ घातली. आत आली तेव्हा मैदानावर झोळी आणली होती. ओमकारचं गळ्याचं हाड मोडलं होतं.

"काय झालं सर?"

चौगुले सरांचा चेहरा पांढरा पडला होता. "काय सांगू मॅडम. तीन डाव लाल पट्टीत खेळलो. चेंडू हलला तरी पाची जण बसल्यालेच. ढिम्म. समोरची पोरं अंगावरनं गेली ओम्याच्या. आरडलो, शिव्या घातल्या, कानात बोटं घातल्यागत बसल्यालं. तुम्ही आला तवाच मान वर केली."

सामना हातचा गेला तो गेलाच, आणि हंगामही तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी तिनं प्रयोगशाळेत सगळ्या सामन्यांची चित्रफीत लावली. लाल पट्टीतले चौतीस डाव. एकतीस वेळा भिंत फुटली होती आणि त्या एकतीस वेळा ती स्वतः चित्राच्या कडेला कुठंतरी उभी होती. फुटली नाही ते तीन डाव तिच्या फोनच्या दहा मिनिटांतले. तिनं चित्र थांबवून पाच चेहरे मोठे करून पाहिले. ते घाबरलेले नव्हते, गोंधळलेलेही नव्हते. रांगेत उभी असलेली माणसं आपला नंबर यायची वाट बघतात, तसे ते चेहरे होते.

तिनं धैर्यशीलला बोलावलं आणि त्याच्या डोक्यावर तारांची टोपी चढवली. ही चाचणी ती दर वर्षी विद्यार्थ्यांना दाखवायची. माणसाला सांगायचं, तुला वाटेल तेव्हा बोट उचल. तो उचलतो, पण त्याच्या अर्धा सेकंद आधीच मेंदूत एक लाट चढायला लागलेली असते. तयारीची लाट. आपण ठरवलं असं माणसाला वाटतं, त्याच्या आधीच कुणीतरी आत कामाला लागलेलं असतं. वर्गाला ही गंमत वाटायची.

"वाटेल तेव्हा उचल हं," ती म्हणाली आणि काचेपलीकडच्या खोलीत जाऊन बसली.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. पडद्यावरची रेघ सपाट होती. वीस मिनिटांनी ती आत आली.

"का नाही उचललंस?"

"वाटलंच नाही आक्का," तो म्हणाला. अगदी सहज.

मग ती त्याच्या मागं, पाठीला पाठ लावून बसली. तिनं आपल्याही डोक्याला तारा लावल्या. त्याला ती दिसत नव्हती. तिला वाटलं तेव्हा तिनं बोट उचललं. पडद्यावर तिची लाट चढली आणि तिच्या मागोमाग, डोळ्यांना कळेल न कळेल एवढ्या अंतरानं, त्याची. त्यानं बोट उचललं. तिनं पुन्हा केलं, त्यानं पुन्हा केलं. पन्नास वेळा. त्याची लाट एकदाही आधी आली नाही.

यात भुताटकी काही नव्हती. तिचा श्वास, पदराची सळसळ, फरशीवरून येणारा टाचेचा भार, एवढ्यावरून त्याचं अंग तिचं मन वाचत होतं. पाच महिने तिनंच त्याच्या मज्जातंतूंना शिकवलं होतं, की सुरुवात कोपऱ्यातून होते. ते शहाण्या मुलासारखे शिकले होते. भुताटकी असती तर निदान कुणाकडं उतारा मागता आला असता.

"कोचीला नाही का म्हणालास?" तिनं मागूनच विचारलं.

"मला नको वाटलं."

"कधी?"

"तू भाकरी वाढत होतीस ना, तेव्हा. तू जा म्हणालीस, आणि मला एकदम नको वाटलं. पोटात गोळाच आला बघ." तो हसला. "माझं मीच ठरवलं आक्का. तू कशाला वाईट वाटून घेतेस?"

पद्मजाला त्याच्या पाठीची ऊब लागत होती. तिला रडू येत होतं आणि ते तिनं महत्प्रयासानं गिळलं, कारण त्याच्या खांद्यांनी हुंदक्याची तयारी सुरू केलेली तिला कळली.

ती मुद्दाम दोन दिवस पुण्याला जाऊन आली. परतली तेव्हा धैर्यशील स्वयंपाकघरात स्टुलावर बसला होता. आंघोळ केली होती, दाढी केली होती, कॉलेजलाही जाऊन आला होता. सवयीचं सगळं झालं होतं. पण भाताचं पातेलं आणि भाकरीची दुरडी दोन्ही झाकलेलीच होती.

"जेवला नाहीस?"

"भात खावा की भाकरी, ते कळेना," तो म्हणाला. ती भाकरीला हात लावते न लावते तोच तो ताटावर येऊन बसला.

आता तिला झोप लागेना. दोन दिवसांचं अंतर पुरेसं नव्हतं, पण सहा महिन्यांचं पुरलं असतं. तिनं आकडे मांडून पाहिले होते. न वापरलेली सवय अंग हळूहळू विसरतं. कोचीच्या काळोख्या पाण्यात, कमरेला दोर बांधून एकट्यानं उतरल्यावर कुठली ठिणगी कधी पाडायची हे त्याचं त्यालाच ठरवावं लागलं असतं. तिथं त्याची लाट पुन्हा आपली आपण चढली असती. त्याला सोडवायला दुसरा रस्ता नव्हता. आणि त्या रस्त्यावर तो पाऊल टाकणार कधी, तर पद्मजाला तो जायला हवा असेल तेव्हा. तोंडानं नव्हे, तोंडानं ती पूर्वीच म्हणाली होती. पोटातून.

म्हणून तिनं स्वतःला शिकवायला घेतलं. सहावा पट्टा तळहाताला बांधला आणि त्याला एक लाल दिवा जोडला. बोटं आवळायला लागली की दिवा लागायचा. ती रोज दुपारी दार लावून बसायची आणि मनात म्हणायची, धैर्या गेला. दिवा लागायचा. त्याची खोली रिकामी आहे. दिवा. एकटीपुरता भात लावलाय. दिवा. पहिले आठ दिवस तो विझलाच नाही. मग तिनं युक्ती केली. तो तिला पाण्याखाली घुसमटलेला दिसायचा, ते चित्र तिनं बदललं. तो पाण्यातून वर येतोय, डोक्यावरचा टोप काढतोय, मल्याळीत कुणाला तरी शिवी हासडतोय. त्याला मिशा आल्यात. त्यानं तिला न विचारता आणलेला एक भडक सदरा घातलाय. त्या सदऱ्यापाशी तिला पहिल्यांदा हसू आलं आणि दिवा विझला.

एकोणिसाव्या दिवशी दिवा सबंध दुपार लागला नाही. संध्याकाळी धैर्यशील भाजी निवडता निवडता म्हणाला, "आक्का, मी कोचीला कळवलं. येतो म्हणून. एकदम जावंसंच वाटायला लागलं बघ."

"चांगलं झालं," ती म्हणाली, आणि तिला ते खरंच चांगलं वाटत होतं. आईच्या माघारी इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी साडेनवाच्या एसटीनं तो मिरजेला जाणार होता आणि तिथून रेल्वेनं पुढं. पद्मजा स्टँडवर आली तेव्हा बाकीचे चौघं आधीच पोचले होते. सुट्टी लागल्यापासून तीन आठवडे त्यांची तिची गाठ नव्हती. थोरल्या शेळकेनं पेढे आणले होते. धाकट्याच्या छातीला परीक्षेचं ओळखपत्र लटकत होतं, अकराला त्याचा राहिलेला पेपर होता. सिद्धाप्पानं मोटारसायकल चालूच ठेवून बाजूला लावली होती. इर्शाद औषधाच्या दुकानातून परस्पर आला होता, अम्मीच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पुडी त्याच्या हातात होती. मिठ्या मारून झाल्या. पाच धिप्पाड पोरं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती, तेवढ्यानं फलाट हादरत होता.

"पत्र टाक रं, नुसतं मेसेज नगं," सिद्धाप्पा म्हणाला.

पद्मजानं धैर्यशीलच्या गालावर हात ठेवला. "जा," ती म्हणाली. तिची बोटं मोकळी होती, पोट शांत होतं. ती त्याला सगळ्या अंगानं जायला सांगत होती. धैर्यशील वळला, पायरीवर पाय ठेवला आणि एकदाही मागं न बघता आत गेला. पद्मजाला वाटलं, सुटला पोरगा.

मग थोरला शेळके पायरी चढला. तिला वाटलं, पेढे द्यायचे राहिले असतील. त्याच्या मागोमाग सिद्धाप्पा चढला. मग इर्शाद. मग धाकटा शेळके. मैदानावर उभे राहायचे त्याच क्रमानं, कुणी कुणाशी बोललं नाही. पाचही जण डाव्या बाजूच्या खिडक्यांशी ओळीनं बसले आणि समोर बघायला लागले. पाचही चेहरे आनंदी होते.

"अरे, तुम्ही कुठं? उतरा! इर्शाद, गोळ्या!"

"जाऊन येतो मॅडम," इर्शाद खिडकीतून म्हणाला. "जावंसं वाटलं."

"कुठं जाऊन येतो?"

त्याला ते सांगता येईना. तो नुसता हसला. वाहकानं घंटी मारली आणि गाडी सुरू झाली.

तिला केवढी चूक झाली ते तिथं कळलं. एकोणीस दिवस तिनं फक्त भावाचा विचार केला होता. साखळीत पाच जण होते हे तिच्या मनातच आलं नव्हतं, आणि आता ती सगळ्या अंगानं जा म्हणत होती, ते पाचांनाही पोचलं होतं. ती गाडीबरोबर चालायला लागली. "थांबा, थांबा," ओरडली. पण ते तोंडचं थांबा होतं, आणि तोंडचं काही त्यांना पोचत नव्हतं. पोटातून म्हणायला हवं होतं. पोटातून थांबा म्हटलं असतं तर सगळेच थांबले असते. चौघांना ओढायचं आणि एकाला सोडायचं, असं तळहाताला सांगता येत नाही.

गाडी फाटकाशी पोचली. पुढं हमरस्ता. अजून वीस पावलं, आणि मग ती त्यांना ऐकूही येणार नव्हती, दिसणारही नव्हती. भात की भाकरी हे न ठरवता येणारी चार पोरं अनोळखी गावात उतरली असती, किंवा उतरलीच नसती. इर्शादची अम्मी दाराशी गोळ्यांची वाट बघत होती. आणि पाच खिडक्यांतल्या पहिल्या खिडकीत धैर्या होता, ज्याला फक्त सहा महिने हवे होते.

तिची मूठ आवळली गेली. पूर्वी पकड व्हायची तशी, आधी हात आणि मग विचार. नखं तळव्यात रुतली.

आत गलका झाला. कुणीतरी घंटीची दोरी ओढली. करकचून ब्रेक लागला आणि वाहकाच्या शिव्या ऐकत पाच जण एकामागोमाग उतरले. सिद्धाप्पा मोटारसायकलकडं गेला. धाकटा शेळके घड्याळ बघून पेपरला पळाला. इर्शादनं पुडी खिशात घातली. कुणाला काही विशेष घडल्यासारखं वाटत नव्हतं. धैर्यशील सगळ्यांत शेवटी बॅग खांद्याला लावून आला.

"राहू दे आक्का," तो म्हणाला. "नाही जावंसं वाटत. चल घरी, भूक लागलीय."

चौघांसाठी ओढलं, तिनं स्वतःला सांगितलं. चार घरची पोरं होती, दुसरं करणार तरी काय? रस्ताभर ती हेच सांगत राहिली. पण धैर्यशील तिच्या शेजारून चालत होता, त्याची बॅग तिच्या कमरेला लागत होती, आणि तिच्या पोटात कुठंतरी खोल, लाज वाटावी इतका आनंद दाटून आला होता. तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

धैर्यशील हसत होता. रस्त्याच्या पलीकडं मोटारसायकलवर बसलेला सिद्धाप्पाही हसत होता.